वीकएण्ड प्लॅन? ढिगाऱ्याखाली!

पुण्यातल्या एसी ऑफिसातून थेट लातूरच्या मैदानात आणि तिथून नांदेडला गोदावरीच्या काठावर. एनसीसी-एनएसएसच्या पोरापोरींबरोबर दोन वीकएण्ड रांगून, भिजून आणि भरपूर ओरडा खाऊन आलेल्या एका आयटीवालीची ही डायरी.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजले, की आमच्या फ्लोअरवर एकच प्रश्न फिरायला लागतो, 'वीकएण्डला काय?' कुणी महाबळेश्वर, कुणी मल्टिप्लेक्स, कुणी 'नुसती झोप काढणार यार'. गेल्या डिसेंबरात मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, 'लातूरला चाललेय. ढिगाऱ्याखाली झोपायला.' सगळे हसले. मीही हसले. पण मी जोक केलाच नव्हता.

तुम्ही म्हणाल, हे काय नवीन खूळ? सांगते.

कॅन्टीनमधली चार मिनिटं

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारी दीडची वेळ, कॅन्टीन खच्चून भरलेलं. आमच्या टीममधला एक जण ट्रे हातात घेऊन लाइनमध्ये उभा होता आणि उभ्या उभ्या कोसळला. वय एकोणचाळीस. सिगरेट नाही, जिम रेग्युलर. आम्ही पन्नास-साठ जण आजूबाजूला. एकानं त्याच्या तोंडावर पाणी मारलं. एक जण 'कांदा आणा, कांदा हुंगवा' म्हणून ओरडत होता. एकजण चक्क अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर गूगल करत होता. आणि मी काय केलं? मी त्याचा खाली पडलेला ट्रे उचलून टेबलावर ठेवला. सांडलेलं वरण टिश्यूनं पुसलं. खरंच. हातांना काहीतरी काम हवं होतं आणि तेवढंच येत होतं.

मग गेटवरचे वॉचमनकाका धावत आले. गुडघ्यांवर बसले, त्याचा श्वास बघितला, आणि दोन्ही हात छातीच्या मधोमध ठेवून दाबायला सुरुवात केली. '१०८ लावा आणि लांब सरका,' एवढंच बोलले. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत थांबले नाहीत. नंतर कळलं, काका पूर्वी होमगार्डमध्ये होते. तिथे कधीतरी शिकलेलं हातांच्या लक्षात राहिलं होतं.

आमचा मित्र वाचला. आता पुन्हा कामावर येतो, लिफ्ट सोडून जिन्यानं चढतो आणि मला 'वरणवाली' म्हणतो. पण मला मात्र तो ट्रे बरेच दिवस झोपू देत नव्हता. सात मजली काचेची इमारत, आत शेकडो इंजिनीअर, वर्षातून एकदा फायर ड्रिल (ज्याला आम्ही सगळे चहाचा ब्रेक समजतो), आणि वेळ आली तेव्हा काम कुणाला येत होतं? ज्यांना आम्ही रोज आयकार्ड दाखवून पुढे जातो, त्यांना.

माझा आतेभाऊ लातूरकडे एका कॉलेजात शिकवतो आणि एनसीसीचा एएनओ, म्हणजे कॉलेजातला एनसीसी अधिकारीही आहे. त्याला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'डिसेंबरात दोन वीकएण्ड पोरांचं आपत्तीचं ट्रेनिंग ठेवलंय. एक लातूरला, एक नांदेडला. ये. पण पाहुणी म्हणून यायचं नाही. फॉल-इनला उभं राहावं लागंल.'

'दादा, मी चौतिसाची आहे.'

'मग मागच्या रांगेत उभी राहा.'

साडेपाचची शिट्टी

शुक्रवारी रात्री हडपसरहून ट्रॅव्हल्स पकडली आणि पहाटे लातूरला उतरले. मैदानावर पोचते तोच शिट्टी वाजली. थंडीनं दात वाजतायत आणि समोर सत्तर-ऐंशी पोरं-पोरी ताठ उभी. निम्मी एनसीसीची, निम्मी एनएसएसची. कुणी उदगीरचं, कुणी निलंग्याचं, कुणी अहमदपूरचं. सर्वांत लहान सतरा वर्षांचा, सर्वांत मोठी बावीसची. आणि रांगेच्या शेवटी मी. ब्रॅण्डेड स्पोर्ट्स शूज, पंधरा हजारांचं स्मार्टवॉच, आणि दोन किलोमीटर धावल्यावर तोंडाला फेस.

एनसीसीत शिकवणाऱ्या लष्करी हवालदारांना 'उस्ताद' म्हणतात, हे मला तिथे कळलं. आमचे उस्ताद बोलायचे हिंदीत, रागवायचे मराठीत. पहिलाच धडा प्रथमोपचाराचा. 'कोई गिरा, तो पहले क्या देखोगे?' कुणी म्हणालं नाडी, कुणी म्हणालं डोळे. उस्तादांचं उत्तर, 'पहले अपनी जान. वायर पडी है क्या, गॅस है क्या, दीवार गिरनेवाली है क्या. तुम भी गिर गये, तो एक का दो हो गया.'

मग रबरी पुतळ्यावर सीपीआर. सिनेमात दिसतं तसं नाजूक काम नाही हो हे. मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तीस दाब, दोन श्वास. तोंडानं श्वास द्यायला जमत नसेल, तर नुसते दाब चालू ठेवा; पण थांबू नका. मेंदूला रक्त मिळालं नाही, तर चार-सहा मिनिटांत इजा व्हायला लागते. मी दीड मिनिटात घामाघूम झाले. तेव्हा लक्षात आलं, की अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत काकांनी एकट्यानं हे केलं होतं आणि आम्ही कडं करून बघत होतो. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. पण बदली घ्यायला येत होतं कुणाला?

नाश्त्याला सुशीला होती. मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगते, सुशीला म्हणजे चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार, वर शेंगदाणे आणि लिंबू. माझ्या शेजारी बसलेली उदगीरची मुलगी आमच्या सेक्शनची कमांडर होती. वय एकोणीस, वडिलांची चार एकर शेती, घरातली पहिली कॉलेजला गेलेली. मी जरा भारावून विचारलं, 'समाजसेवेची आवड पहिल्यापासून होती का गं?' ती सरळ म्हणाली, 'नाही मॅडम. सी सर्टिफिकेट असलं की भरतीला फायदा होतो. पोलीस भरती करायलेय.' मग दोन घास खाऊन म्हणाली, 'पण आता येतंय तर येतंयच ना. गावात कुणाला काही झालं, तर आधी मलाच बोलावतेत.'

मला हे उत्तर जाम आवडलं.

३ वाजून ५६ मिनिटं

दुपारच्या सत्रात दादानं भूकंप घेतला. लातूरमध्ये भूकंपावर बोलायचं म्हणजे काय, हे लातूरच्या बाहेर समजावून सांगणं कठीण आहे. समोर बसलेल्या एकाचाही जन्म तेव्हा झालेला नव्हता. तरी प्रत्येकाला तारीख पाठ.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र. मिरवणुका आटोपून माणसं दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. तीव्रता सहाच्या थोडी वर. जगात एवढ्या तीव्रतेचे भूकंप दर वर्षी शंभराच्या आसपास होतात आणि बहुतेकांची बातमीही होत नाही. इथे मात्र लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली ५२ गावं जमीनदोस्त झाली. सरकारी आकडा ७,९२८ मृत्यूंचा.

का? दादानं फळ्यावर एका भिंतीचं चित्र काढलं. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंत. बघायला किल्ल्यासारखी. पण दगड चिखलात बसवलेले. बाहेरच्या बाजूची एक रांग, आतल्या बाजूची एक रांग, मध्ये नुसता खडी-मातीचा भराव. दोन्ही रांगांना एकमेकींत गुंतवणारा लांब आडवा दगडच नाही. वर माळवद, म्हणजे लाकडावर फूटभर किंवा त्याहूनही जाड मातीचा थर. उन्हाळ्यात घर थंडगार राहायचं. पण जमीन हलली तेव्हा भिंतीच्या दोन्ही रांगा दोन दिशांना फाकल्या आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. मातीत हवेला जागा राहत नाही. म्हणून दगडापेक्षाही माती घातक ठरली.

त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नंतर २००२च्या नकाशात लातूर तिसऱ्या पट्ट्यात गेलं. 'म्हणून नकाशात आपलं गाव सुरक्षित आहे म्हणून निवांत बसायचं नाही,' दादा म्हणाला. तसं हल्लीचंही उदाहरण आहेच. २१ मार्च २०२४ला आणि पुन्हा १० जुलै २०२४ला हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि नांदेड-परभणीची माणसं घराबाहेर पळाली.

एक गोष्ट मात्र मला लातूरची असूनही माहीत नव्हती. किल्लारीनंतर घरं पुन्हा बांधताना गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं. सरकारी योजना घरोघरी समजावून सांगायची, बांधकाम नीट होतंय का बघायचं, हे त्यांचं काम. 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था त्यामागे होती. २००१मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा याच लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पण 'घर पडल्यावर पुढं काय करायचं' हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

गप्प!

आणि मग तो ढिगारा.

मैदानाच्या कोपऱ्यात जुनी दारं, मोडके बाक, पत्रे आणि पोती रचून एक पडलेलं घर तयार केलं होतं. आत तीन 'जखमी' लपवायचे होते. दादानं माझ्याकडे बघितलं. 'तू पुण्याहून आलीस ना? जा आत.'

आत गेले. वर पत्रा, त्यावर पोती. अंधार, धुळीचा वास, पाय सरळ करता येत नाहीत. आपण सुरक्षित आहोत हे शंभर टक्के माहीत असताना पाच मिनिटांत छातीत धडधडायला लागलं. मला एक दगड दिला होता, ठोकायला. बाहेर शिट्टी झाली आणि पोरं धावत आली. 'इकडं रे!' 'पत्रा उचल!' 'ए, तिकडून नको!' 'कुणी हाय का आत?' मी ठोकतेय. 'कुणी हाय का?' मी पुन्हा ठोकतेय. माझ्या डोक्यावरच्याच पत्र्यावर कुणाचा तरी पाय पडला. मी ओरडले. वर एवढा गलका, की माझा आवाज मलाच ऐकू येईना.

पंचवीस मिनिटांनी उस्तादांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. तिघांपैकी एकच सापडला होता. मी बाहेर आले ती रडवेली होऊन. उस्तादांनी पोरांना काय काय ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही.

मग त्यांनी पद्धत शिकवली. इतकी साधी, की चीड यावी. सगळ्यांनी ढिगाऱ्याभोवती अंतर ठेवून गोल उभं राहायचं. ढिगाऱ्यावर कुणी चढायचं नाही. फावडी खाली, मोबाइल बंद, गाड्यांची इंजिनं बंद. एकानंच मोठ्यानं सांगायचं, 'आवाज ऐकू येत असेल तर तीनदा ठोका.' आणि मग गप्प. पूर्ण गप्प. ज्याला काही ऐकू येईल, त्यानं न बोलता त्या दिशेला हात करायचा. चार जणांचे हात जिथे एकमेकांना छेदतील, तिथे खुणेची काठी रोवायची. मग पुढच्या माणसानं हाक द्यायची.

दुसऱ्या खेपेला मी परत आत गेले. या वेळी बाहेर असा सन्नाटा, की लांबच्या रस्त्यावरची रिक्षा ऐकू येत होती. मी तीनदा ठोकलं. एक मिनिट काहीच नाही. मग अगदी जवळून त्या उदगीरच्या पोरीचा आवाज आला, 'मॅडम, ऐकू आलं. हलू नका. आम्ही आहोत.'

सांगते तुम्हाला, मॉक ड्रिल होतं, सगळं खोटं होतं. तरी मला रडू आलं.

संध्याकाळी दादानं पोरांना सांगितलं, की १९९३मध्ये लष्कराच्या जवानांनी पाचव्या दिवशी दीड वर्षाच्या एका मुलीला ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढलं होतं. पाचव्या दिवशी! तिथे कुणीतरी थांबून कान दिला होता, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

गोदेचा वर्ग

पुढच्या शनिवारी नांदेड. आता मी फॉल-इनला मागून दुसऱ्या रांगेत होते. प्रगती!

नांदेडचा विषय पाणी. शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचं धरण, मधून वाहणारी गोदावरी. वर मोठा पाऊस झाला, दरवाजे उघडले, की काठच्या वस्त्यांचा जीव टांगणीला. पण परवापरवाची जखम वेगळ्याच नदीची होती. ऑगस्ट २०२५मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या पट्ट्यात एका रात्रीत पाणी चढलं. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली ही गावं पाण्यात गेली. माणसं अडकली, काही जीव गेले, जनावरं दावणीलाच मेली. एसडीआरएफ आली, लष्कराची तुकडी आली.

आमच्यात मुखेडकडचा एक पोरगा होता. अंगानं दणकट, बोलायला अगदी कमी. दोराच्या गाठी शिकवत होते, तेव्हा तो एकदाच बोलला. 'सर, दोर होता आमच्या घरात. बैलाचा. चांगला लांब. पण माणसाला बांधायची गाठ कुणाला येत नव्हती.' एवढं बोलून तो खाली बसला आणि गाठ मारायला लागला. त्याला पुढे कुणी काही विचारलं नाही.

ती गाठ म्हणजे बोलाइन. कमरेभोवती मारतात. ओढली तर फासासारखी आवळत नाही, पाण्यात सुरगाठीसारखी सुटत नाही, आणि नंतर निरगाठीसारखी अडूनही बसत नाही. मला जमायला एकवीस प्रयत्न लागले. मुखेडच्या पोरानं डोळ्यांवर रुमाल बांधून, एका हातानं मारून दाखवली. उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पाण्यातला दुसरा धडा आपल्या सगळ्या हीरोगिरीवर पाणी ओतणारा आहे. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारायची नाही! आधी काठी, ओढणी, पट्टा, जे असेल ते पुढे करा. तेवढं पोचत नसेल, तर दोर किंवा तरंगणारी वस्तू फेका. मग बोट. पाण्यात उतरणं सर्वांत शेवटी, तेही शिकलेल्यानं, लाइफ जॅकेट घालून आणि दोर बांधून. बुडणारा माणूस घाबरलेला असतो. तो हाताला लागेल त्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. दर उन्हाळ्यात, दर गणपतीत आपण वाचतो ना, 'वाचवायला गेलेलाही बुडाला'? तेच.

आणि तरंगणारी वस्तू म्हणजे महागडी असायची गरज नाही. घट्ट झाकणाचा रिकामा कॅन, थर्माकोल, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोणीत भरून. 'आमचे आजोबा वाळलेला भोपळा पाठीला बांधून पोहायला शिकले,' एक पोरगा म्हणाला. उस्ताद म्हणाले, 'शाबास. वही लाइफ जॅकेट है.'

मध्येच विजेचा विषय निघाला, कारण मराठवाड्यात दर वर्षी शेतात वीज पडून माणसं जातात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं 'दामिनी' नावाचं अ‍ॅप केलंय. आजूबाजूला वीज पडायची शक्यता असली तर ते इशारा देतं. हात वर करायला सांगितले. शेतकऱ्यांच्या पोरांपैकी निम्म्यांकडे होतं. पुण्यात राहून माझ्याकडे नव्हतं.

रात्री सगळे गुरुद्वाऱ्यात, तख्त सचखंड श्री हजूर साहिबला, लंगरमध्ये जेवायला गेलो. दादानं तिथेही क्लास घेतला. 'बघा. एवढी माणसं रोज जेवतात. कुणी ढकलतंय का? ताट कुठं घ्यायचं, कुठं बसायचं, कुठून बाहेर पडायचं, सगळं ठरलेलं. मदत छावणी चालवायची तर ती अशी.' पोरं निमूटपणे डाळ-रोटी खात होती आणि मुखेडचा तो पोरगा तिसऱ्यांदा रोटी मागून घेत होता.

पहिला तास कुणाचा?

आता एक साधं गणित. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, आपल्याला टीव्हीवर भगव्या वर्दीत दिसतं. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर ते उभं राहिलं. महाराष्ट्रासाठीची त्यांची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरेला आहे. राज्याच्या एसडीआरएफच्या तुकड्या धुळ्यात आणि नागपुरात. पुणे ते नांदेड रस्त्यानं सुमारे साडेचारशे किलोमीटर. म्हणजे फोन गेल्या क्षणी गाडी निघाली, तरी आठ-नऊ तास. तोवर कोण? शेजारी. पाणवठ्यावरचा पोरगा. एकोणीस वर्षांची सेक्शन कमांडर.

हेच ओळखून 'आपदा मित्र' योजना आली. २०१६मध्ये देशातल्या ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सहा हजार स्वयंसेवकांपासून सुरुवात झाली. पुढे ती ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढवली. बारा दिवसांचं प्रशिक्षण आणि हाताशी एक किट. हेल्मेट, लाइफ जॅकेट, टॉर्च, शिट्टी, गमबूट. आता 'युवा आपदा मित्र' योजनेत एनसीसी, एनएसएस, स्काउट-गाइडची पोरं घेतात. आपल्या राज्यात विद्यापीठांच्या एनएसएस स्वयंसेवकांसाठी 'आव्हान' नावाचं राज्यस्तरीय शिबिरही होतं. दादाचे दोन वीकएण्ड म्हणजे या सगळ्याची छोटी, घरगुती आवृत्ती. दोन दिवसांत कुणी तज्ज्ञ होत नाही, हे तोच सारखा सांगत होता. पण गलका करणारा माणूस दोन दिवसांत गप्प उभा राहायला शिकू शकतो.

बाबांचं वाक्य

नांदेडहून परतताना एक रात्र लातूरला घरी थांबले. आमच्या घरी किल्लारीचा विषय निघत नाही. मी तेव्हा दोन वर्षांची. आईकडून एवढंच ऐकलेलं, की बाबा त्या दिवशी सकाळीच एका ट्रकमध्ये बसून तिकडे गेले आणि चार दिवसांनी आले. आल्यावर त्यांनी अंगावरचे कपडे जाळले. ते तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, शाळामास्तर.

जेवताना मी ढिगाऱ्याची गंमत सांगत होते. पहिल्या खेपेचा गोंधळ, दुसऱ्या खेपेचा सन्नाटा, आणि हातांच्या खुणा. बाबा जेवायचे थांबले.

'सगळ्यांनी गप्प बसायचं, असं शिकवतेत?' त्यांनी विचारलं.

'हो.'

बराच वेळ ते ताटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'एका गल्लीत आम्ही शंभरेक जण होतो. सगळे ओरडायलो. एक म्हातारे गृहस्थ सारखं म्हणत होते, गप बसा रे, आतून आवाज यायलाय. आम्हाला वाटलं, दुःखानं डोक्यावर परिणाम झालाय त्यांच्या. आम्ही त्यांना बाजूला नेऊन बसवलं. आणि फावडी चालवत राहिलो.'

आईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. त्यांनी खाल्ली नाही.

'आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं गं,' एवढंच म्हणाले आणि हात धुवायला उठले.

बत्तीस वर्षं माझ्या बाबांनी हे वाक्य आत ठेवलं होतं. मी त्यांना काय सांगणार? रात्री त्यांच्या शेजारी बसून त्यांना बोलाइन शिकवली. त्यांना तिसऱ्याच प्रयत्नात जमली.

सोमवारी ऑफिसात आल्यावर एचआरला मेल टाकला. जानेवारीत आमच्या कॅन्टीनमध्ये पहिला क्लास झाला. शिकवायला एक डॉक्टर होते आणि त्यांच्या शेजारी, त्या दिवसापुरते गेट सोडून आलेले वॉचमनकाका. बावीस जण आले. सगळे एकदम बोलत होते, फोटो काढत होते. काकांनी दोन मिनिटं वाट बघितली आणि म्हणाले, 'आधी सगळ्यांनी गप्प उभं राहायचं.'

मी सगळ्यात आधी गप्प झाले.

सोमवारी ऑफिसात एवढं तरी करा

• ११२ आणि १०८ हे दोन नंबर मोबाइलमध्ये नाही, डोक्यात सेव्ह करा. ऑफिसचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण सांगता येते का, ते एकदा बोलून बघा.

• कुणी कोसळलं, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, तर सीपीआर सुरू करा. एकानं दाबायचं, एकानं फोन लावायचा, एकानं गेटवर जाऊन अ‍ॅम्ब्युलन्सला वाट दाखवायची. बाकीच्यांनी लांब सरकायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

• आग विझवायचं सिलिंडर कुठे आहे ते आज बघा. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. आग तुमच्यापेक्षा उंच झाली असेल, तर तो नाद सोडा आणि बाहेर पडा.

• भूकंपात जिन्याकडे धावू नका, लिफ्टला हात लावू नका. टेबलाखाली बसा, डोकं झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. हादरे थांबले की जिन्यानं बाहेर.

• साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं करकचून बांधायचं नाही. माणसाला चालवू नका, चावलेला भाग हलू देऊ नका, आणि थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या. ट्रेकवाल्यांनी हे कापून पाकिटात ठेवावं.

• सीपीआर वाचून येत नाही. एक शनिवार काढा आणि पुतळ्यावर हात चालवून शिका. मल्टिप्लेक्स पुढच्या शनिवारीही तिथेच असेल.